वजनकाट्यापासून नोंदवहीपर्यंत : इथरनेट चालकाची जुळणी



बारडोली म्हटले की १९२८ चा साराबंदीचा लढा आठवतो. जप्तीचा अधिकारी दृष्टीस पडताच स्वयंसेवक ढोल वाजवीत आणि घरोघरी कुलपे लागत. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांच्या चौकशीत २२ टक्क्यांची सारावाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. आकडा तपासणे हे या तालुक्याचे जुनेच काम आहे.

पुढील काळात या भागात ऊस व सहकारी साखर कारखाने आले. तोडणीसाठी खानदेशातील टोळ्या येथे येत राहिल्या. तोडणी मजुराची मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर ठरते. त्यामुळे वजनकाट्यावरचा आकडा हा शेतकऱ्याचा दाम असतो, तसाच कोयता चालविणाऱ्याचा घामही असतो. मुकादमाची उचल त्यातूनच फिटावयाची असते.

आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात एक चिमुकला संगणक बसविलेला असतो. त्याची कार्यप्रणालीही लहान असते. फ्रीआरटीओएस ही २००३ साली रिचर्ड बॅरी यांनी आणलेली प्रणाली त्यांपैकीच एक. काट्यावरील आकडा कार्यालयातील नोंदीपर्यंत नेण्यासाठी बहुधा इथरनेटची तार वापरतात. ही पद्धत १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी घडविली. कार्यप्रणाली आणि तारेचे यंत्र यांच्यामध्ये जी आज्ञावली दुभाष्याचे काम करते, तिला चालक, म्हणजेच ड्रायव्हर, म्हणतात. तिची जुळणी बिनचूक नसेल तर काटा अचूक असूनही नोंद चुकीची पडू शकते.

प्रथम ओळख पटवावी लागते. तारेवर प्रत्यक्ष विद्युत्संकेत सोडणारी चकती निराळी असते व तिला ० ते ३१ पैकी एक क्रमांक असतो. चालकाने चुकीच्या क्रमांकाला हाक मारली तर उत्तरात सोळाच्या सोळा स्थानी एकचाच अंक येतो. तेथे कोणी राहत नाही, असा त्याचा अर्थ. यानंतर वेग ठरतो. दोन्ही टोकांची यंत्रे वेगाविषयी आपसांत बोलणी करतात. एका टोकाने बोलणी बंद ठेवून हट्टाने 'एकाच वेळी बोलू व ऐकू' असे ठरविले, तर दुसरे टोक 'आधी बोलू, मग ऐकू' या जुन्या रीतीवर येते. तार जोडलेली दिसते, दिवा लागतो. परंतु गर्दीच्या वेळी निरोप एकमेकांवर आदळतात. हा दोष निवांत दुपारच्या चाचणीत सापडत नाही.

त्याहून त्रासदायक दोष पत्त्याचा. प्रत्येक इथरनेट यंत्राला ४८ द्विमान अंकांचा स्वतंत्र पत्ता हवा. त्याचा पूर्वार्ध उत्पादक संस्थेला नेमून दिलेला असतो. उत्तरार्ध ती संस्था देते. नमुन्याच्या आज्ञावलीत मात्र एक तात्पुरता पत्ता लिहिलेला असतो. तो तसाच राहिला आणि दोन काटे एकाच जाळ्यात आले, तर मधले यंत्र निरोप कधी या काट्याकडे तर कधी त्या काट्याकडे वळविते. एकाच आळीत एकाच नावाची दोन घरे असली, तर टपालवाल्याला दोष देऊन काय उपयोग?

आता स्मृतीचा प्रश्न. इथरनेटची नेहमीची चौकट जास्तीत जास्त १५१८ बाइटांची असते. येणाऱ्या चौकटींसाठी १५३६ बाइटांचे आठ कप्पे ठेवले तरी १२,२८८ बाइट खर्ची पडतात. लहान यंत्रात ही मोठीच जागा आहे. कप्पे कमी ठेवले तर नवी चौकट मुकाट्याने टाकली जाते. निरोप आल्याची वर्दी देणारा संकेत म्हणजे बारडोलीचा तो ढोलच. पण ढोल ऐकून धावणारा माणूस, म्हणजे त्या कामाची प्राथमिकता, खालची ठेवली तर वर्दी व्यर्थ जाते.

सर्वांत फसवा दोष निराळाच आहे. काही संगणक ताजा मजकूर जवळच्या जलद स्मृतीत ठेवतात. तारेचे यंत्र मात्र मूळ स्मृतीतून थेट उचलते. चालकाने पाठविण्यापूर्वी दोहोंचा मेळ घातला नाही, तर मागच्या ट्रॉलीचे वजन पुढच्या ट्रॉलीच्या निरोपात जाऊ शकते. पडताळणीचे अंक यंत्रानेच त्या जुन्या मजकुरावरून काढले असतील, तर पलीकडे तो निरोप निर्दोषच दिसतो. अशा वेळी भांडण वजन करणाऱ्याशी होते.

इथरनेट निरोप पोहोचविण्याची हमी देत नाही, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून काट्यानेच प्रत्येक वजनाला अनुक्रमांक द्यावा, ते वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत ठेवावे आणि कार्यालयाकडून पोच मिळेपर्यंत पुसू नये. पोच हरवून तेच वजन दुसऱ्यांदा आले, तर अनुक्रमांकावरून कार्यालय ते ओळखते व नोंद दुहेरी होत नाही.

गळीत हंगामापूर्वी याची परीक्षा घेणे कठीण नाही. वजने चालू असताना तार उपसावी, काही वाहने तशीच जाऊ द्यावीत, काट्याची वीजही एकदा बंद करून पुन्हा चालू करावी, मग तार जोडावी. काट्यावरील छापील पावत्या आणि कार्यालयातील नोंद शेतकऱ्यांचे व टोळीचे प्रतिनिधी यांच्यासमक्ष ओळीने ताडून पाहावी. एकही पावती जुळली नाही, तर तो काटा हंगामात लावू नये.