स्वसंरक्षण आणि मारामारी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



गावोगावी कराटेचे वर्ग निघाले आहेत. मुले-मुली संध्याकाळी मैदानावर जमतात, घाम गाळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु स्वतःचा बचाव करणे आणि लढायला शिकणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो. ही चूक मीही केली आहे, म्हणून आज तिच्याविषयी बोलतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा कराटेच्या स्पर्धेत पदक मिळवून आला. मी त्याला वर्गापुढे उभे करून दोन-चार डाव करून दाखवायला लावले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढे दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर एस. टी. स्टँडवर एकाने त्याला शिवी दिली. गाडी समोर लागलेली होती, निघून जाणे सहज शक्य होते. पण वर्गमित्र बघत होते. याने ठोसा मारला. त्या माणसाबरोबर आणखी तिघे होते. स्पर्धेत समोर एकच जण असतो, पंच असतो, पायाखाली गादी असते. स्टँडवर यातले काहीच नव्हते. मुलाच्या उजव्या हाताचे हाड मोडले. त्याने लेखनिक घेऊन परीक्षा दिली आणि पहिला हात त्यानेच उचलला म्हणून वडिलांना पोलीस ठाण्यात खेटे घालावे लागले. ते मला एवढेच म्हणाले, "सर, त्या दिवशी तो गाडीत बसला असता तर!" त्या टाळ्या मला आजही आठवतात.

त्याच वर्षी आठवीतील एक मुलगी शिकवणीहून घरी येत होती. कोणी पाठलाग करत आहे असे वाटताच ती अंधाऱ्या गल्लीत वळली नाही, उजेडातल्या किराणा दुकानात शिरली आणि मोठ्याने म्हणाली, "चाचा, हा माणूस माझ्या मागे येतोय." तो पसार झाला. तिच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण खरे स्वसंरक्षण तिनेच केले.

ज्यांनी या विद्या घडवल्या त्यांनाही हेच अभिप्रेत होते. १८८२ साली टोकियोत कोदोकान ही संस्था काढून ज्युदोचा पाया घालणारे जिगोरो कानो अंगाने लहानखुरे होते आणि पेशाने शिक्षक होते. ज्युदोत सुरुवातीलाच पडायचे कसे, हे शिकवतात. १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवणारे गिचिन फुनाकोशी हेही ओकिनावातील शाळामास्तर. कराटेत पहिला वार आपला नसतो, ही त्यांची शिकवण. आणि कुस्तीत दुसऱ्याला लोळवणाऱ्यापेक्षा रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा अधिक बलवान, ही पैगंबरसाहेबांची शिकवण तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

कायद्याचेही असेच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलमे ३४ ते ४४ आपल्याला बचावाचा हक्क देतात. पण बचावापुरतेच बळ वापरावे, अशी त्याला मर्यादा आहे. धोका टळला की हक्कही संपतो. पळून जाणाऱ्याला गाठून मारणे हा बचाव नव्हे, तो गुन्हा होय.

विद्यार्थी मित्रांनो, कोणी पैसे किंवा मोबाईल मागत चाकू दाखवला तर वस्तू देऊन टाका; वस्तू पुन्हा घेता येते. कोणी अंगावर येत असेल तर अंतर ठेवा, बाहेर पडण्याची वाट हेरा, मोठ्याने ओरडा. मनगट धरले तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हिसका द्या, कारण पकड तिथेच कच्ची असते. हात सुटला की पळा. दुसरा डाव दाखवायला थांबू नका. ११२ हा क्रमांक पाठ ठेवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे. पळून येण्यात लाज नाही.

पालकहो, आता आपल्याविषयी. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो, असे सरकारी नोंदी वर्षानुवर्षे सांगत आहेत. तेथे ठोसा-लाथ कामाला येत नाही. तेथे मुलाला "नको" म्हणता यावे लागते आणि घरी येऊन सांगता यावे लागते. "तूच काही केले असशील" असे उत्तर एकदा मिळाले, की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. मुलीला घरात बसवणे हाही बचाव नव्हे. त्याने फक्त तिची शाळा सुटते.

मुलांना कराटे-ज्युदोच्या वर्गाला जरूर पाठवा. मात्र सरांना एक प्रश्न विचारा: भांडण टाळायला तुम्ही केव्हा शिकवता? आणि मूल भांडण टाळून, मान खाली घालून घरी आले, तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याला जवळ बसवा, पाणी द्या आणि शाबासकी द्या. ती शाबासकी मी एका मुलाला वेळेवर दिली नाही. आपण द्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.