खेळाडूची तक्रार आणि प्रशिक्षकाचे शिक्षण



कामगार चळवळीतल्या माणसाने खेळाच्या प्रशिक्षकांविषयी बोलावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण मुंबईच्या गिरणगावात कबड्डी आणि कामगार ही दोन वेगळी प्रकरणे कधीच नव्हती. पाळी सुटली की त्याच वस्तीतली पोरे मैदानात उतरत. कबड्डीच्या जोरावर नोकरी मिळवण्याची वाट तर आजही बंद झालेली नाही. म्हणजे मुलाला संघात घ्यायचे की बाकावर बसवायचे हे जो ठरवतो, त्याच्या हातात त्या मुलाची भाकरी असते. आम्ही बोलणार आहोत ते याच सत्तेविषयी.

गिरणीत बदली कामगार म्हणून एक वर्ग असे. रोज सकाळी दाराशी उभे राहायचे, आणि जॉबरची मर्जी असेल तर काम मिळायचे. अशा माणसाचे बोट चेमटले तरी तो चिंधी बांधून हात पाठीमागे लपवी. सांगितले तर उद्या दुसरा उभा राहील, हे त्याला माहीत असे. कबड्डीच्या संघात बारा जण असतात. सात खेळतात, पाच राखीव बसतात. त्या पाचांकडे आणि त्यांच्या भीतीने खेळणाऱ्या सातांकडे पाहिले की आम्हांला तो बदली कामगार आठवतो. गुडघ्यात कळ येते, मुलगा दात आवळून चढाईला जातो. प्रशिक्षक कौतुकाने म्हणतात, ‘पोरगा काटक आहे.’ पोरगा काटक नाही, महाराज; पोरगा घाबरलेला आहे.

आता इथे ज्ञानाचा प्रश्न येतो. आजचे बरेच जुने प्रशिक्षक मातीवर खेळून मोठे झाले. मोठे सामने आता मॅटवर, पायांत बूट घालून होतात. मातीत पाय थोडा घसरतो. मॅटवर बूट चिकटून बसतो, आणि अंग वळले तरी पाऊल वळत नाही. तो सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांवर येतो. फुटबॉलवाल्यांनी यावर ‘फिफा ११+’ नावाचा वीसेक मिनिटांचा सराव बसवला. त्यात उडी मारून नीट उतरणे, तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंना बळकटी आणणे अशा गोष्टी आहेत. तो नेमाने केला की दुखापती कमी होतात, हे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. त्याला ना यंत्र लागते ना पैसा. लागते ती एवढीच कबुली, की आपल्या वेळेला जे चालले ते आता पुरत नाही.

वजनाचे प्रकरण याहून वाईट. कबड्डीत वजनाची मर्यादा असते, आणि ती गाठण्यासाठी मुलांचे पाणी तोडणे, जाड कपडे घालून उन्हात पळवणे हे प्रकार सर्रास चालतात. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण अशाच घाईने वजन उतरवताना मरण पावले. तिथल्या कुस्तीच्या चालकांनी मग रबरी पोशाख आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या, वजन करण्याचे नियम बदलले. तीन जीव गेल्यावर. आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत काट्यावर चढायच्या आधी पोर भोवळ येऊन पडते, तेव्हा त्याची नोंदसुद्धा होत नाही.

मग चांगला प्रशिक्षक कोणाला म्हणावे? एक उदाहरण सांगतो. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिलांच्या कबड्डीचे सुवर्णपदक इराणने नेले. अंतिम सामन्यात भारत 27-24 असा हरला. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. हरलो म्हणून आपल्याकडे बरीच हळहळ झाली. आम्हांला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. परक्या देशात गेल्यावर या बाईंनी त्या मुलींशी बोलता यावे म्हणून त्यांची फारसी शिकायला घेतली. उतारवयात, इतकी वर्षे शिकवून झाल्यावर, त्या पुन्हा विद्यार्थी झाल्या! आपल्याकडे प्रशिक्षकाची आणि खेळाडूची मायबोली एकच असते, तरी तीन-तीन वर्षांत मुलाच्या तोंडून ‘सर, आज जमणार नाही’ एवढे चार शब्द बाहेर पडत नाहीत.

ते कसे पडतील? आमच्या धंद्यातला एक अनुभव आहे. कारखान्यात ‘काही अडचण आहे का?’ असे सर्वांदेखत विचारले तर सगळे माना खाली घालतात. एकेकट्याला, रोज, ठराविक प्रश्न विचारले तर महिन्याभरात माणूस बोलू लागतो. प्रशिक्षकाने एक साधी वही करावी: झोप किती झाली, कुठे दुखते, कालचा सराव कसा वाटला, वजन किती. आणि दुखते म्हणून सांगणाऱ्याचे नाव त्या दिवशी संघातून कापू नये. नाहीतर वही दुसऱ्याच दिवशी खोटी होते. सामन्याचे चित्रण मोबाइलवर सगळेच करतात. ते दाखवताना आधी खेळाडूला विचारावे, डावा कोपरा मोकळा का पडला? त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्या उत्तरापेक्षा बरे असते.

प्रशिक्षकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था 1961 पासून प्रशिक्षक तयार करते. पण ती पदविका घेऊन आलेला माणूस पुष्कळदा काही महिन्यांच्या करारावर राबतो, आणि करार पुढे चालायचा तो पदकांच्या हिशेबावर. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या स्पर्धेवर टांगली आहे, तो मुलाचा गुडघा बरा व्हायला सहा महिने कसा थांबेल? त्याला नुसती शिबिरे आणि उपदेश देऊन भागणार नाही. त्याची नेमणूक पक्की करा.

मुलींविषयी बोलल्याशिवाय थांबता येत नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्धचा 2013 चा कायदा क्रीडासंस्था, स्टेडियम आणि सरावाच्या जागांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे स्त्री-अध्यक्ष असलेली तक्रार समिती नेमावी लागते आणि तिच्या नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावावा लागतो. उद्या सकाळी फिरायला निघालात, तर तुमच्या गावच्या क्रीडासंकुलाच्या भिंतीवर तो कागद आहे का, तेवढे पाहून या.