शजऱ्यात आई कुठे आहे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



 मी काही विद्वान नव्हे. माझे आयुष्य अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फोटो धुण्यात आणि उरलेला वेळ पेन्सिल-रंगांत गेला. शाळेत असताना ड्रॉइंगची इंटरमीजिएट परीक्षा दिली, मुंबईला एका स्टुडिओत हाताखाली काम केले आणि मग कोकणात परत येऊन स्वतःचा छोटा स्टुडिओ काढला. गेली तीसएक वर्षे मी आणखी एक काम करतो आहे. ते म्हणजे आमच्या घराण्याची माहिती शोधणे. हे दोन उद्योग एकमेकांना कसे जोडले गेले आणि त्यातून काय हाती लागले, एवढेच मी आज सांगणार आहे.

फोटोग्राफरकडे लोक लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढायला येतात, तसेच जुना फोटो 'मोठा करून द्या' म्हणूनही येतात. वडील वारलेले असतात, त्यांचा एकच फोटो असतो आणि तोही दहा जणांच्या ग्रुपमधला. त्यातला एक चेहरा उचलून मोठा करायचा. असे करताना मी नेहमी विचारत असे, 'शेजारी उभे आहेत ते कोण?' दहापैकी सहा-सात जणांची नावे कोणालाच ठाऊक नसत. चांगली टोपी घातलेला, कोटाच्या खिशात घड्याळ ठेवलेला एक जिता-जागता माणूस दोन पिढ्यांत अनोळखी होऊन जातो. फोटो टिकला, पण मागच्या बाजूला नाव लिहायचे राहिले, म्हणून माणूस हरवला. तेव्हा मी प्रथम माझ्या स्वतःच्या घरातले फोटो काढून बसलो.

विद्यार्थी मित्रहो, फोटो हा सुद्धा दस्तऐवजच आहे. मात्र तो वाचता आला पाहिजे. फ्रान्समध्ये 1839 साली फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला आणि 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. सर जे. जे. कलाशाळा निघाली ती त्यानंतर, 1857 साली. म्हणजे ही विद्या आपल्याकडे फार लवकर आली. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण सव्वाचार बाय साडेसहा इंचाचा फोटो मिळाला, तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा किंवा त्यानंतरच्या थोड्या वर्षांतला असतो. खाली किंवा मागे स्टुडिओचे नाव व पत्ता छापलेला असतो. त्यावरून आपला माणूस त्या काळी कोणत्या शहरात होता हे कळते. मागचा रंगवलेला पडदा, खुर्ची, पायातले बूट, टोपीची तऱ्हा हे सगळे बोलत असते.

पण सावधपणे ऐका. स्टुडिओत कोट आणि टाय ठेवलेले असत. गिऱ्हाईक येई, कोट चढवी, फोटो काढून परत खुंटीला लावी. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून आम्ही सुरकुत्या घालवीत असू, रंग उजळ करीत असू. याला रीटचिंग म्हणतात. मी ते हजारो चेहऱ्यांवर केले आहे. गिऱ्हाइकाला ते हवे असते.

पुढे शजरे पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की रीटचिंग तेथेही चालते. कोणी शजऱ्यात एखादा सरदार घालतो, कोणी आपली साखळी थेट अरबस्तानातल्या मोठ्या घराण्याला नेऊन जोडतो. मधल्या चार-पाच पिढ्या कोऱ्या असल्या तरी चालते! आणि ज्या आजोबाने जहाजाच्या इंजिनखोलीत कोळसा ओढून तुमच्या घराचा चिरा बसवला, त्याचे नाव मात्र कोणी आवर्जून घेत नाही. खरे तर मान त्याला द्यायला हवा.

शोध घ्यायचा तर तो नीट घ्यावा. आपल्या उलेमांनी हदीस तपासताना एक शिस्त घालून दिली आहे. हे कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, दोघांची भेट होणे शक्य होते का, सांगणारा भरवशाचा होता का, हे पाहिल्याशिवाय त्यांनी रिवायत स्वीकारली नाही. मी तीच पद्धत आपल्या ताकदीप्रमाणे वापरतो. प्रत्येक नावापुढे 'कोणी सांगितले, कधी सांगितले' हे लिहितो.

आता कागद कोठे मिळतात ते सांगतो. पहिली जागा म्हणजे शाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख असते. त्यातल्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. आपल्या निम्म्या वाडवडिलांचा जन्म एक जूनचाच आहे! दाखल करताना गुरुजींनी घातलेली ती तारीख. दुसरी जागा गावची जन्म-मृत्यूची नोंद. तिला कोतवाल बुक म्हणतात. तिसरी जमातीचे निकाहाचे रजिस्टर. चौथी खलाशांचे दाखले, ज्यांवर फोटो आणि अंगठा दोन्ही असतात. आणि पाचवी जागा तलाठ्याकडची फेरफार नोंदवही. जुने कागद मोडीत असतात. मी पन्नाशीत मोडी शिकलो, तुम्हाला पंधराव्या वर्षी शिकायला काहीच हरकत नाही.

या कागदांचा रोजच्या जीवनातही उपयोग आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा, तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. शासनाने 1994 साली मुसलमानांतील अनेक कारागीर बिरादऱ्यांना त्या यादीत घेतले. पण आजोबांच्या शाळेतला कागद नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडलेला मी माझ्याच दुकानात बसून पाहिला आहे. पालकांनी हे काम मुलगा बारावीला गेल्यावर करू नये. तो पाचवीत असतानाच करावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या घरात एक शजरा होता. त्यात वरपासून खालपर्यंत अकरा नावे होती आणि अकराही पुरुषांची. बापाचा बाप, त्याचा बाप, असे करीत वर जायचे. जणू या अकरा जणांना कोणी जन्मच दिला नव्हता! फोटोंचीही तीच तऱ्हा. जुन्या काळी आमच्याकडे बायकांचे फोटो काढीत नसत. मोहल्ल्यातील बुजुर्गांचे तसे मत होते आणि मी त्यांच्या मताचा आदर करतो. माझ्या अनुभवात कित्येक म्हाताऱ्या बायांचा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो हजच्या कागदपत्रांसाठी काढलेला आहे. ज्या हजला जाऊ शकल्या नाहीत, त्यांचा तेवढाही नाही.

मग बाईचे नाव सापडते कोठे? मला ते सापडले फेरफारात. आपल्या शरीअतने मुलीला आणि विधवेला वारसाहक्क दिला आहे. त्यामुळे माणूस वारला की तलाठ्याच्या वहीत मुलग्यांबरोबर बायको आणि मुलींची नावे वारस म्हणून लागतात. माझ्या पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या नोंदीत मला पणजीचे नाव प्रथम वाचायला मिळाले, आणि त्यांच्या दोन मुलींचीही. त्या दोघी होत्या हेच आम्हाला माहीत नव्हते. थोडी पाने उलटल्यावर दुसरी नोंद आली, बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याची. तेथे त्यांची नावे कमी झाली. पुढे घरच्या जुन्या पेटीत 1934 सालचा तो हक्कसोडीचा दस्तही मिळाला. त्यावर शाईचे दोन अंगठे आहेत. म्हणजे बापाच्या मृत्यूने ज्यांची नावे कागदावर आली, ती भावांच्या सोयीसाठी पुसली गेली. आणि शजरा लिहिणाऱ्याने तर ती मुळात घेतलीच नाहीत. येथे बसलेल्या भावांनी याचा विचार करावा. मी अधिक बोलत नाही.

त्या दोन अंगठ्यांचा मी क्लोज-अप काढला आणि मोठा करून स्टुडिओत लावला. लोक विचारतात, 'हे काय?' मी सांगतो, 'या माझ्या आजोबांच्या बहिणी.'

पणजीचे चित्र काढावे असे मला फार वाटे. फोटो नव्हता. घराण्यातल्या चार वृद्ध स्त्रियांनी लहानपणी तिला पाहिले होते. मी वही-पेन्सिल घेऊन चौघींकडे वेगवेगळा गेलो, आणि मग चौघींना एकत्र बसवले. एक म्हणाली कपाळ रुंद होते, दुसरी म्हणाली छे, पदर मागे घ्यायची म्हणून तसे वाटे. डाव्या भुवईवर व्रण होता, यावर मात्र चौघींचे एकमत झाले. विहिरीवर रहाट लागला होता म्हणे. सहा महिने खोडत-काढत होतो. शेवटी चौघी म्हणाल्या, 'आता ती वाटते.' त्या चित्राखाली मी लिहिले आहे: 'हा फोटो नव्हे, आठवणीवरून काढलेले चित्र', आणि खाली सांगणाऱ्या चौघींची नावे. चित्र खरे किती, याचा हिशोब पाहणाऱ्याला मिळाला पाहिजे. त्या चौघींपैकी आज एकही हयात नाही. मी आणखी पाच वर्षे थांबलो असतो, तर ते चित्र झालेच नसते.

आपण अरबांचे वंशज आहोत का, असा प्रश्न मुले विचारतात. हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ. स. 916 च्या सुमारास, अल मसूदी हा प्रवासी आपल्या चौल बंदराकडे आला होता. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने लिहून ठेवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक होते, आणि याच मुलखात मुसलमान आईबापांपोटी जन्मलेलेही होते. तेव्हा समुद्रापलीकडून माणसे आली, हे खरेच आहे. पण वाऱ्यावर चालणाऱ्या गलबतांतून ती आली आणि वारा फिरेपर्यंत येथे थांबली. कित्येक कायमची राहिली. त्यांनी संसार केला तो बहुतेक येथल्याच स्त्रियांशी. याचा पुरावा दूर शोधायला नको. आपण घरात अरबी बोलत नाही, कोकणी बोलतो. ही बोली बापाच्या गलबतातून आली नाही. ती आईने पाळण्यापाशी दिली. म्हणून तर तिला मायबोली म्हणतात. आपला अर्धा शजरा या मातीत आहे आणि तो आपण लिहिलेलाच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत करण्यासारखी काही कामे सांगतो. वडील, आई, दोन्ही आजोबा, दोन्ही आज्या यांची पूर्ण नावे लिहा. आजीचे माहेरचे नाव आणि तिच्या आईचेही नाव विचारा. घरातल्या प्रत्येक जुन्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने, हात न दाबता, नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याचा वळ पुढे उठतो. फोटो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा फोटो भिंतीला टेकवून न ठेवता कोरड्या डब्यात, मध्ये साधा कागद घालून ठेवा. हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात. त्यांपैकी वर्षाला निदान दहा छापून घ्या आणि त्यांवर नावे लिहा. आणि घरात कोणी सत्तरीच्या पुढचे असेल, तर आज रात्रीच त्यांच्यापाशी बसा. कागद उद्या शोधता येतील.

संस्थेला माझी एक विनंती आहे. प्रत्येक मोहल्ल्यातून अशा वह्या आणि फोटोंच्या प्रती गोळा करून ग्रंथालयात एक कपाट त्यांच्यासाठी ठेवावे. फोटोंच्या प्रती काढून देण्याचे काम मी विनामूल्य करीन. अट एकच. ज्या शजऱ्यात आयांची आणि बहिणींची नावे नसतील, तो अपुरा म्हणून परत पाठवावा.