जुन्या मोटारसायकलला पेट्रोल फिल्टर हवा का?

राजदूत, येझदी, बुलेट, आरएक्स १००. या गाड्या जिवापाड जपणारी माणसं आजही गावोगाव आहेत आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. कॉकपासून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपात छोटा फिल्टर बसवावा का? टाकी आतून स्वच्छ असेल आणि कॉकची जाळी शाबूत असेल, तर त्याची गरज नाही. टाकी गंजलेली असेल, तर नुसत्या फिल्टरने भागणार नाही. कंपनीनेच फिल्टर दिला असेल, तर मात्र तो काढू नका.

गाळणी या गाड्यांत मुळातच असते. कॉक टाकीतून सोडवून पाहा, नळीवर बारीक जाळी दिसेल. काही कॉकना खाली वाटी असते, तिच्यात पाणी आणि गाळ साचतो. ही वाटी वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. जाळी फाटली की गंजाचे कण थेट कार्बोरेटरमध्ये. पायलट जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, ते बुजायला एक कण पुरतो.

मग आणखी एक फिल्टर लावला तर बिघडलं कुठे? प्रश्न दाबाचा आहे. इंजेक्शनच्या गाडीत पंप सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. जुन्या गाडीत पंपच नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. पातळी कार्बोरेटरच्या फूटभर वर असली तरी दाब बारच्या चाळीसाव्या भागाहूनही कमी, आणि टाकी रिकामी होईल तसा तोही घटतो. पंपाच्या गाडीसाठीचा दाट कागदी फिल्टर इथे पेट्रोल अडवून धरतो. गावात फिरताना काही जाणवत नाही. घाटात, थ्रॉटल पूर्ण उघडा असताना, गाडी गचके खाऊ लागते.

येझदी आणि राजदूतवाल्यांनी हे नीट ऐकावं. तुमच्या इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, उष्णता वाढते, पिस्टन जाम होतो आणि धावत्या गाडीचं मागचं चाक अडकतं. इंजिन ओढल्यासारखं वाटताच क्लच दाबा. वाट पाहू नका.

गंज येतो तो ओलाव्याने. अर्धवट भरलेली टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर धरतो. त्यात हल्ली २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी जाऊन बसतं. जुने रबरी पाइपही अशा पेट्रोलने खराब होतात, तेही बदला.

टाकी धुऊन घेतल्यावर उरलासुरला गंज धरायला काही दिवस फिल्टर जरूर लावा. तो पंप नसलेल्या गाडीचा, आतून जाळीचा असावा. बाण कार्बोरेटरकडे, पाइप इंजिनच्या उष्णतेपासून दूर आणि कॉकपासून उतरता. मध्ये उंचवटा आला की तिथे हवा अडकते.

मग एक चाचणी घ्या. इंजिन गार असताना, उघड्यावर, आगीपासून दूर, कार्बोरेटरकडचं पाइपाचं टोक बाटलीत धरून एक मिनिट कॉक उघडा. ताशी ६० किलोमीटर वेगाने, लिटरला ३० किलोमीटर जाणारी गाडी मिनिटाला ३३ मिलिलिटर पेट्रोल पिते. चढावर त्याहून जास्त. बाटलीत याच्या तिप्पट-चौपट तरी यायला हवं, आणि तेही टाकी रिझर्व्हवर असताना.