जाळे आणि त्याची शिस्त



आम्ही पेशाने शिक्षक. म्हणून एक प्रश्न घेऊन आलो आहोत. ज्यांतील प्रत्येकजण आपल्या मर्जीचा मालक आहे, पण ज्यांचे बरेवाईट एकमेकांत गुंतले आहे, अशा मोठ्या समूहाला आवरावे कसे? याचा धडा शोधण्यास ग्वाल्हेरच्या बाहेर जाण्याचे कारण नाही.

३० जुलै २०१२ ची रात्र आपणांपैकी अनेकांस स्मरत असेल. २ वाजून ३३ मिनिटांनी बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी बंद पडली आणि पाहता पाहता उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैस, दुपारी १ वाजता हीच वाहिनी पुन्हा बंद पडली. या खेपेस उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन जाळी कोसळली. सुमारे ६० कोटी लोकांच्या मुलखातील वीज गेली. आगगाड्या वाटेत उभ्या राहिल्या. पश्चिम बंगालच्या कोळसाखाणींत मजूर खाली अडकले.

आता नवल असे की वाहिनीत बिघाड काहीच नव्हता. तिच्या जोडीची वाहिनी सुधारणेच्या कामासाठी आधीच बंद ठेवलेली होती. उत्तरेकडील काही राज्ये ठरल्याहून अधिक वीज ओढीत होती आणि पश्चिमेकडील राज्ये ठरल्याहून कमी घेत होती. हा सारा फरक बीनाहून ग्वाल्हेरमार्गे आग्र्याकडे चालला होता. प्रत्येक वाहिनीवर रिले नावाचे रक्षक यंत्र असते. विजेचा दाब उतरला आणि प्रवाह फार वाढला, म्हणजे पुढे कोठेतरी दोष झाला असे समजून ते वाहिनी तोडते. त्या रात्री ओझेच इतके झाले की रक्षकास ते दोषासारखे दिसले. त्याने आपल्या नजरेपुरते आपले काम केले. मग ते ओझे दुसऱ्या वाटांवर गेले, आणि त्या वाटांच्या रक्षकांनीही तेच केले.

कोणी म्हणेल, वरून हुकूम देणारा नव्हता काय? होता. प्रत्येक राज्याचे भार प्रेषण केंद्र आहे, त्यावर विभागीय केंद्रे आहेत, त्यावर दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र आहे. २००३ च्या वीज कायद्याने विभागीय केंद्रांस आज्ञा देण्याचा अधिकारही दिला आहे. ओढ कमी करा, अशा सूचना गेल्या होत्या. पण राज्यांकडून पुरेसा प्रतिसाद आला नाही, असे सरकारी चौकशी समितीने नमूद केले. आणि एकदा वाहिनी तुटल्यावर तर सर्व खेळ सेकंदांचा असतो. तेथे टेलिफोनवरचा हुकूम पोहोचावयाचा कधी?

म्हणून अशा जाळ्याची खरी राखण जागच्या जागी करावी लागते. जोडलेल्या जाळ्यातील सारी जनित्रे एका तालात फिरतात. सेकंदाला ५० आवर्तने हा तो ताल. ओढ वाढली की ताल मंदावतो, आणि ही खूण जबलपुरास व आग्र्यास सारखीच दिसते. ती पाहून वीजघरातील नियामक आपण होऊन वाफ वा पाणी वाढवितो. ताल फारच उतरला तर दुसरी यंत्रे आपण होऊन काही भाग तोडून बाकीचे वाचवितात. ही साधने २०१२ सालीही होती. परंतु ऐन वेळी ती पुरेशी कामास आली नाहीत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ३० जुलैस वाहिनी पडण्यापूर्वी ताल ४९.६८ होता. तेव्हाची मर्यादा ४९.५ ते ५०.२ अशी होती. म्हणजे एकूण हिशेब ठीक दिसत होता आणि ग्वाल्हेरची एक वाहिनी मात्र भाराने वाकली होती. सगळ्यांची सरासरी पाहून एखाद्याच्या खांद्यावर किती ओझे आहे, हे कळत नाही.

पुढे मर्यादा अधिक कडक झाली. आज ती ४९.९० ते ५०.०५ अशी आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळेही उरलेल्या देशाशी जोडले गेले. नंतर ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालविले गेले, तेव्हा सुमारे ३१,००० मेगावॅट भार काही मिनिटांत उतरला, तरी जाळे टिकले. कारण वेळ आधी ठाऊक होती आणि जलविद्युतघरांपासून राज्यांच्या केंद्रांपर्यंत प्रत्येकाने आपला वाटा आधी ठरवून ठेवला होता.

सभ्य गृहस्थहो, आपला न्यासही असेच एक जाळे आहे. लष्करातील घरे, मोरारची दुकाने, बाहेरगावी गेलेली मुले, सारे स्वतंत्र. कोणावर कोणाची सक्ती चालत नाही. येथे नियम थोडे असावेत, पण ते सर्वांस ठाऊक असावेत. आपण ठरल्याहून अधिक ओढीत आहोत असे दिसताच निरोपाची वाट न पाहता हात आवरावा. आणि वार्षिक हिशेबात जमाखर्च जुळला एवढ्यावर विश्वस्तांनी समाधान मानू नये. कोणत्या दोनचार कार्यकर्त्यांवर सगळा भार पडला आहे, हेही दरवर्षी पाहावे. ती माणसे तक्रार करीत नाहीत; ती एके दिवशी येईनाशी होतात, आणि त्यांचे काम दुसऱ्यांवर पडून तेही थकतात.