अर्धांगवायूनंतर भौतिकोपचार : कोठे मिळतो, कसा होतो
(८ सप्टेंबर, जागतिक भौतिकोपचार दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्धांगवायूचा झटका आलेला रुग्ण वाचतो, घरी येतो आणि अनेक कुटुंबांत उपचार तेथेच संपले असे मानले जाते. रुग्णाला खाटेवर निजवून ठेवणे हीच खरी सेवा, अशी नातलगांची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात न हलवलेला सांधा आखडतो, न वापरलेला स्नायू क्षीण होतो आणि एकाच कुशीवर पडून राहिल्याने शय्याव्रण होतात. मेंदूचे निरोगी भाग हरपलेली कामे पुन्हा शिकू शकतात. परंतु ती सरावानेच. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढेही प्रगती होते. तरी हा काळ वाया जाऊ देऊ नये.

भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजेच फिजिओथेरपिस्ट, काय करतात?

ते प्रथम सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, तोल आणि चाल तपासतात. त्यानंतर रुग्णाच्या गरजेनुसार उद्दिष्टे ठरवितात : कुशीवर वळणे, आधाराने बसणे, उभे राहणे, शौचालयापर्यंत चालत जाणे. शेक किंवा विद्युत उपकरणे ही केवळ पूरक साधने होत. मुख्य उपचार म्हणजे व्यायाम. तो घरी रोज करावा लागतो, म्हणून घरातील एका व्यक्तीने तो शिकून घ्यावा.

त्यांचा शोध कसा घ्यावा?

१. रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच डॉक्टरांकडे भौतिकोपचाराविषयी विचारणा करावी व चिठ्ठी घ्यावी.
२. जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील भौतिकोपचार विभागात चौकशी करावी.
३. गावात राहणाऱ्यांनी आशा कार्यकर्तीकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे.
४. खासगी तज्ज्ञांकडे जाताना भौतिकोपचाराची पदवी व नोंदणी यांविषयी निःसंकोच विचारावे. या व्यवसायातील शिक्षण व सेवेचा दर्जा राखण्यासाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय कायदा केला आहे.

पहिल्या भेटीस जाताना रुग्णालयाचे कागद, तपासण्यांचे अहवाल व चालू औषधे सोबत न्यावीत. रुग्णाला सैल कपडे घालावेत. किती दिवसांनी कोणता बदल अपेक्षित आहे, हे तज्ज्ञांना अवश्य विचारावे.

घरी घ्यावयाची काळजी

रुग्णाला उठविताना दुबळा हात धरून ओढू नये. त्यामुळे खांद्याला इजा होते. त्या हाताखाली उशीचा आधार द्यावा. स्वतः वळू न शकणाऱ्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. जोरकस मालीश किंवा सांधा बळाने वाकविणे टाळावे. रक्तदाब व मधुमेहाची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत.

व्यायाम करताना छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांशी संपर्क साधावा. चेहरा अचानक वाकडा झाला, हात-पाय नव्याने लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

जो हात आज उचलत नाही, तो उद्याच उचलेल असे वचन कोणीही देऊ शकत नाही. मात्र योग्य मार्गदर्शन आणि नित्य सराव लाभल्यास अनेक रुग्ण स्वतःच्या हाताने जेवू लागतात, स्वतःच्या पायांनी दारापर्यंत येतात. आपल्या घरातील रुग्णाला ही संधी वेळेवर द्या.