दोन खोल्या, एक आवाज



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत टीव्हीवर शेळीपालनाचा व्हिडिओ लावला होता. खोली लहान, बायका जास्त. म्हणून निम्म्या जणी आतल्या खोलीत बसल्या आणि त्यांच्यासाठी तिथे ब्लूटूथ स्पीकर ठेवला. टीव्हीचा आवाजही चालूच होता. झालं काय, आतल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायला लागला. आधी टीव्हीचा, मागून स्पीकरचा. दुसऱ्या दिवशी एक ताई विचारायला आल्या, "जंताचं औषध पंधरा म्हणाले की पन्नास?" त्यांनी विचारलं म्हणून बरं. अंदाजानं पाजलं असतं तर?

गटात लगेच बोलणं सुरू झालं, आणखी मोठा स्पीकर घेऊया. मी म्हटलं, बायांनो, थांबा. दोष आवाज लहान असल्याचा नाही, उशिरा येण्याचा आहे.

नदीच्या पलीकडे कुणी कपडे आपटत असेल तर हात आधी दिसतो, आवाज मागून येतो. तसंच हे. ब्लूटूथमध्ये आवाज आधी बारीक करून बांधतात, हवेतून पाठवतात, मग स्पीकर तो उलगडून वाजवतो. त्यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे स्पीकर जवळच असला, तरी जवळजवळ 70 मीटर लांब ठेवल्यासारखा ऐकू येतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्पीकरचा उशीरही वेगवेगळा असतो.

मग करायचं काय? आधी तपासा. टाळी वाजवतानाचा व्हिडिओ लावा आणि दोन खोल्यांमधल्या दारात उभ्या राहा. टाळी एकदा ऐकू आली तर ठीक. दोनदा आली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज उशिरा सोडायची सोय आहे का, ते बघा. उशिरा येणारा आवाज लवकर आणता येत नाही, पण लवकर येणारा थोडा थांबवता येतो.

ती सोय नसेल तर वायर बरी. टीव्हीला इअरफोनचं भोक असेल, तर त्यातून वायर काढून दोन्ही खोल्यांत विजेवर चालणारा एकेक स्पीकर जोडा. वायरमधून उशीर जाणवत नाही. वायर लावल्यावर बऱ्याच टीव्हींचा स्वतःचा आवाज बंद होतो, म्हणून स्पीकर दोन्हीकडे हवा.

बिनवायरचेच हवे असतील तर एकाच कंपनीचे, एकमेकांना जोडता येणारे दोन घ्या. टीव्हीचा स्वतःचा आवाज मात्र बंद ठेवा. दुकानदाराला दोन्ही एकदम वाजवून दाखवायला सांगा, मगच गटाचे पैसे द्या.

आम्ही वायर टाकली आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावला. आता आतल्या खोलीतूनही प्रश्न आले. औषधाचं प्रमाण मात्र जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारायचं, असंही त्या दिवशी ठरलं.

बैठकीला आलेल्या प्रत्येकीला शब्द नीट ऐकू आला पाहिजे, मग ती कुठल्याही खोलीत बसलेली असो.